कोसंबींचे संशोधन आणि उद्धरणांची मोजणी
निरनिराळ्या विषयांतल्या संशोधकांची तुलना केवळ एच-निर्देशांकावरून (संशोधकाचे किती लेख इतरांनी किती वेळा उद्धृत केले, यावरून काढलेल्या आकड्यावरून) करावी, हे आपले मत मला पटत नाही. गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींचेच पाहा. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढण्यासाठी त्यांनी १९४४ साली दिलेले सूत्र पिकांचे जनुकीय नकाशे तयार करताना आजही वापरले जाते आणि त्यांच्याच नावाने ओळखले जाते. मात्र १९४३ च्या निबंधात त्यांनी यादृच्छिक प्रक्रियांच्या (योगायोगाने बदलत जाणाऱ्या राशींच्या) ज्या विस्ताराची, म्हणजे त्या सोप्या फलनांच्या बेरजेत लिहिण्याच्या पद्धतीची, मांडणी केली, तो पुढे कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने रूढ झाल्यामुळे, तो वापरणारे बहुतेक जण कोसंबींचा उल्लेखही करत नाहीत, आणि हे मला फार खटकते. नाणकशास्त्र (जुन्या नाण्यांचा अभ्यास) व इतिहास या त्यांच्या इतर विषयांत तर लेखांमागे मिळणारी उद्धरणे मुळातच कमी, शिवाय ग्रंथांतले, विशेषतः मराठीसारख्या भाषांतले, संदर्भ अशा मोजणीतून बऱ्याचदा निसटतात.