'घमेलं मधेच खाली ठेवावं लागतं का?' हा प्रश्न कुणाचा?

नेरुळची_वाट (धागाकर्ती)

2017 मध्ये तुर्भ्याच्या डोंगराखाली दगडखाणींच्या वस्तीत दम-खोकल्याच्या एका सर्वेक्षणासाठी मी फील्डवर होते. पैसा परदेशी विद्यापीठाचा, काम इथल्या एका संस्थेचं. नावं लिहीत नाही.

प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणलेली होती. मुख्य प्रश्न असा: 'सपाट जागेवर भरभर चालताना किंवा थोडा चढ चढताना आपणांस श्वसनास त्रास होतो का?' पहिले दोन दिवस जवळपास सगळे 'नाही' म्हणाले. खोकत खोकत 'नाही' म्हणत होते. तिसऱ्या दिवशी एका वडार बाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांची 20 वर्षं खडी फोडण्यात गेली होती. म्हणाल्या, "ताई, 'त्रास' म्हटलं की मुकादमाच्या कानावर जातं, मग उद्या कामावर कोण घेईल? असं विचारा, घमेलं घेऊन चढताना मधेच खाली ठेवावं लागतं का?"

तसं विचारलं आणि माणसं बोलायला लागली. कुणी म्हणे पहिल्या वळणाला ठेवतो, कुणी म्हणे क्रशरच्या शिडीवर दोनदा. एकाने सांगितलं, आता घमेलं अर्धंच भरतो, म्हणून ठेवावं लागत नाही. तेही मी लिहून घेतलं, कारण माझ्या मते ते सगळ्यात महत्त्वाचं उत्तर होतं.

पुढे तोच प्रश्न छापील फॉर्ममध्ये आला. दोन वर्षांनी पेपर निघाला. तो वाचायला डॉलर मागत होते, एका मैत्रिणीने मिळवून दिला. 11 लेखक, त्यातले दोन भारतीय, दोघंही वस्तीत न आलेले. आणि त्या बाईंच्या प्रश्नाबद्दल एवढंच, की 'प्रश्नावली स्थानिक परिस्थितीनुसार जुळवून घेतली'. वस्तीत जाऊन निष्कर्ष आजवर कुणी सांगितलेले नाहीत.

फुप्फुसाची ताकद मोजणाऱ्या, फुंकायच्या मशीनचंही तसंच. माणसाचं वय, उंची भरली की मशीन वंश विचारायचं. पर्याय पाच: कॉकेशियन, आफ्रिकन अमेरिकन, ईशान्य आशियाई, आग्नेय आशियाई, अन्य/मिश्र. आम्ही 'अन्य' दाबायचो. 140 कोटींच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला खाना नव्हता. या खान्यांचा इतिहास वाचा. 1846 मध्ये लंडनला जॉन हचिन्सन यांनी फुप्फुसाची हवा मोजायची पद्धत मांडली, आणि 1851 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मळेवाल्यांचे डॉक्टर सॅम्युअल कार्टराइट यांनी गुलामांची फुप्फुसं 20 टक्के कमी असतात असं लिहून गुलामगिरीचं समर्थन केलं.

लिव्हरपूलची उष्णकटिबंधीय रोगांची संस्था 1898 ची, लंडनची 1899 ची. वसाहतींतला व्यापार आणि तिथले गोरे अधिकारी जगावेत ही त्यामागची गरज होती. नमुने इथून जायचे, ज्ञान तिथे व्हायचं. तो रस्ता अजून तसाच आहे असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या तोंडून ज्ञान आलं त्याचं नाव लागलं पाहिजे आणि निष्कर्ष त्याच्या भाषेत त्याच्या दारात आले पाहिजेत. तुम्हाला काय वाटतं?

छातीचा_डॉक्टर (नौपाडा, ठाणे)

तुमची कळकळ पोचली, तरी बऱ्याच बाबतीत असहमत.

आपल्याकडच्या निरोगी माणसाचं फुप्फुस युरोपातल्या माणसापेक्षा सरासरीने कमी हवा भरतं. त्यात लहानपणीचं पोषण आहे, चुलीचा धूर आहे, शरीराची ठेवण आहे. म्हणून अनेक मशीनवर भारतीयांसाठी गोऱ्यांच्या अपेक्षित आकड्यातून 10 टक्के कापायची पद्धत पडली. कापलं नाही, तर धडधाकट कामगार कागदावर आजारी होतो. टीटीसीच्या (ठाणे-बेलापूर औद्योगिक) पट्ट्यातल्या कारखान्यांचे कामगार माझ्याकडे वार्षिक तपासणीला येतात. एका चुकीच्या 'अनफिट' शेऱ्याने घरातली चूल बंद होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरं, 1970 आणि 80 च्या दशकांत मुंबईतल्याच डॉक्टरांनी इथल्या निरोगी माणसांची मोजमापं घेऊन अपेक्षित आकडा काढायची समीकरणं तयार केली. चंडीगढलाही काढली. ती मशीनमध्ये घालून द्या, असं आपली किती हॉस्पिटलं विक्रेत्याला सांगतात? हा आपला आळस आहे.

तिसरं, 'भरभर चालताना दम लागतो का' हा प्रश्न कुण्या गोऱ्या साहेबाने खुर्चीत बसून काढला नव्हता. ती मोजपट्टी 1940-50 च्या दशकांत ब्रिटनमध्ये घडली, वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या छातीचा अभ्यास करताना. तेही धूळ खाणारेच होते.

नेरुळची_वाट

डॉक्टर, वेल्सचं मला माहीत नव्हतं. मनापासून आभार. पण मग माझाच मुद्दा पक्का होतो ना? तिथल्या खाणकामगारांच्या जगण्यातून प्रश्न निघाला म्हणून तो तिथे लागू पडला. आमच्या वस्तीत तो जसाच्या तसा आणला तर उत्तर 'नाही' आलं. नवा प्रश्न तिथल्याच बाईला करावा लागला. वेल्सच्या मोजपट्टीला ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिलचं नाव आहे. घमेल्याच्या प्रश्नाला कुणाचंच नाही.

वागळे_निवृत्त

डॉक्टरसाहेब, 10 टक्के कापण्याची दुसरी बाजू मी सांगतो. मी 31 वर्षं फौंड्रीत होतो, त्यातली 12 युनियनच्या कामात. वाळूच्या धुळीत राबणारा माझा मित्र तीन वर्षं फुंकून आला आणि तिन्ही वेळा 'नॉर्मल'. चौथ्या वर्षी जिना चढेना. अपेक्षित आकडाच खाली ओढला की आजारी माणूसही त्यात बसतो आणि भरपाईचा अर्ज तिथेच पडतो. 1999 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरला एका इन्सुलेशन कंपनीने कोर्टात हेच मागितलं होतं, की अॅस्बेस्टॉसने आजारी पडलेल्या काळ्या कामगारांना भरपाईसाठी जास्त कडक निकष लावा, कारण त्यांची फुप्फुसं मुळातच लहान. नोकरी वाचवायला कापायचं आणि भरपाई नाकारायलाही कापायचं. दोन्ही वेळा सुरी कुणाच्या हातात असते ते बघा.

छातीचा_डॉक्टर

वागळेकाका, हे मान्य. म्हणूनच एकट्या फुंकण्यावर निकाल देऊ नये. सिलिकोसिस, म्हणजे दगड-वाळूच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार, ठरतो तो छातीच्या एक्स-रेवर आणि कामाच्या इतिहासावर. फुंकण्यातून नुकसान किती झालं ते कळतं. आणि दरवर्षीचा आकडा त्याच माणसाच्या मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडला, तर वंशाच्या खान्याचा प्रश्न बराचसा मिटतो. तुमच्या मित्राचे तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले असते तर घसरण दिसली असती. 2023 मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटी या छातीच्या डॉक्टरांच्या संघटनेनेही वंश न विचारता मोजा असं सांगितलं आहे.

कोपरीकर

थोडं अवांतर. ज्ञानाला देश नसतो असं मानणाऱ्यांपैकी मी आहे. हाफकिन ओडेसात जन्मलेले ज्यू. मुंबईत प्लेगची लस तयार करून 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. 1902 मध्ये पंजाबात मुलकोवालला लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने गेले, तेव्हा इंग्रज सरकारने दोष त्यांच्यावर ढकलला. निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. वसाहतीचा जाच गोऱ्या कातडीच्या संशोधकालाही झाला. सगळं 'ते आणि आपण' असं मांडू नका.

वागळे_निवृत्त

हाफकिनसाहेबांबद्दल आदर आहेच. पण स्वतःनंतर त्यांनी लस तपासली ती भायखळ्याच्या तुरुंगात. कैदी आपणहून पुढे आले अशी नोंद आहे. तुरुंगात प्लेग शिरलेला असताना कैद्याचं 'हो' किती मोकळं असतं? त्यांची नावं मला आजवर कुठे वाचायला मिळाली नाहीत.

आकडेमोड (ऐरोली)

मी संशोधनातल्या आकडेवारीचं काम करते, त्यामुळे स्पष्ट लिहिते. पैसा, आराखडा, विश्लेषण यांना मोल आहे. घमेल्याचा प्रश्न सुंदर आहे, पण एका प्रश्नाने पेपर होत नाही. लेखक कोण, याचे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी ठरवलेले चार निकष आहेत. आखणीत किंवा माहिती गोळा करण्यात भरीव वाटा, लेखनात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि पूर्ण जबाबदारी. चारही पुरे व्हावे लागतात.

आणि ताई, राग मानू नका, तुमचं नाव कुणी वगळलं? लंडनहून कुणी फोन केला होता का? यादी इथल्याच साहेबांनी पाठवली असणार. जिने प्रश्न दिला ती वडार समाजाची, आणि लेखकांच्या यादीत बसणारे कुठल्या घरांतले असतात हे आपण सगळे जाणतो. या गोष्टीला इंग्रज यायच्या आधीचीही मुळं आहेत. गोऱ्यांवर बोट दाखवलं की आपल्या माणसांना मोकळं सोडल्यासारखं होतं.

उलट उदाहरणही आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीत राहून, तिथल्या गावांतल्या आरोग्यदूतांच्या हातून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा अभ्यास केला. तो 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे आशाताईंच्या कामात उतरला. दार बंद असतं तर हे झालं असतं का?

नेरुळची_वाट

राग नाही. तुमचा दुसरा परिच्छेद वाचून मी बराच वेळ गप्प बसले. यादी इथूनच गेली होती, हे खरं. मी ते धाग्यात लिहायला हवं होतं. पण त्या साहेबांनाही ठाऊक होतं की यादी कुठे पाठवायची आहे आणि तिथे कुणाची नावं वजनदार दिसतात. दोन्ही उतरंडी एकमेकींना धरून आहेत.

निकषांबद्दल मात्र असहमत. त्याच नियमांत असंही लिहिलंय की पहिला निकष पुरा करणाऱ्या प्रत्येकाला लेखनात आणि मसुदा तपासण्यात भाग घ्यायची संधी मिळाली पाहिजे. ती संधी आम्हाला कधी दिलीच नाही, आणि मग 'लेखनात भाग नव्हता' म्हणून नाव नाही. बाईंचं नाव लेखक म्हणून नको असेल तर आभारात घाला. त्यांची परवानगी तरी विचारा.

गडचिरोलीचं मोल तर फारच मोठं. पण तिथे संशोधक 1986 पासून राहतायत. आमच्या सर्वेक्षणातली गाडी रोज चारला वाशीला परत यायची.

आकडेमोड

संधीच्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. मी स्वतः तीन पेपरांवर काम केलं, त्यात फील्डच्या एकाही माणसाला मसुदा दाखवलेला नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं.

नेरुळची_वाट

काल रविवारी वस्तीत जाऊन आले. बाई आहेत, आता नातवंडं सांभाळतात, पत्र्याच्या खोलीबाहेर बसल्या होत्या. त्यांना हा सगळा वाद सांगितला आणि पेपरात नाव हवं होतं का असं विचारलं. म्हणाल्या, "नाव राहू दे ताई. माझ्या छातीचा फोटो काढला होता ना, तो कुठाय? इथला डॉक्टर जुना फोटो मागतोय."

एक्स-रे संस्थेच्या कपाटात किंवा कुठल्या तरी सर्व्हरवर असेल. मागायचा कसा?

छातीचा_डॉक्टर

लेखी अर्ज करा. संस्थेच्या प्रमुखांना एक प्रत आणि संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीच्या सदस्य सचिवांना एक. तारीख, वस्ती, सर्वेक्षणाचा क्रमांक आठवत असेल तर तो, आणि 'माझा छातीचा एक्स-रे व फुंकण्याच्या तपासणीचा अहवाल मला द्यावा' एवढंच. पोच घ्या. फिल्म मिळाली की नौपाड्यात घेऊन या, फी नको. जुनी आणि नवी शेजारी लावून बघतो.

नेरुळची_वाट

अर्ज माझ्या नावाने चालेल का? त्यांना सही येत नाही.

छातीचा_डॉक्टर

नाही, त्यांच्याच नावाने. अंगठा चालतो. शेजारी साक्षीदार म्हणून तुम्ही सही करा.