फक्त पीडीएफमध्ये राहिलेले 'टर्निंग पॉइंट्स' छापील पुस्तकात यावेत का?

षटकोन (धागाकर्ता)

बॅटलटेक खेळणाऱ्यांना हे ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी चार ओळी. शिकागोच्या फॅसा कंपनीने 1984 साली काढलेला हा टेबलावरचा युद्धखेळ. षटकोनी घरांचा नकाशा, 20 ते 100 टन वजनाचे चालते लढाऊ मेक (आत पायलट बसलेले यंत्रमानव), दोन फासे आणि प्रत्येक मेकचा एक कागदी तक्ता. मार बसला की तक्त्यावरची चिलखताची गोलं पेन्सिलने काळी करत जायची.

या खेळात 'टर्निंग पॉइंट्स' नावाची मालिका आहे. एका भागात एक ग्रह आणि त्यावरची एक मोहीम. आधी तिथला भूगोल, मग तिथे लढलेल्या पलटणी, आणि शेवटी खेळायचे प्रसंग, ज्यांना ट्रॅक म्हणतात. गॅल्टर, मिझरी, ल्यूथियन, थार्कड, सियान, न्यू ॲव्हलॉन असे कितीतरी भाग निघाले, पण सगळे फक्त पीडीएफ म्हणून. माझं म्हणणं एवढंच की हे भाग एकत्र करून, नीट संपादन करून, त्यांचं छापील पुस्तक निघायला हवं.

हे का वाटलं ते सांगतो. मागच्या रविवारी आम्ही मिझरी लावलं होतं. गोष्ट 3028 सालची. वुल्फ्स ड्रगून्स हे भाडोत्री सैन्य आणि कुरिता घराण्याच्या र्‍यूकेन पलटणी. र्‍यूकेनना ड्रगून्सच्याच धर्तीवर घडवलेलं, म्हणजे गुरूसमोर शिष्य उभे. टेबलावर चार नकाशे जोडलेले, कडेला टॅबलेट. प्रत्येक फेरीत कुणीतरी विचारायचं, "या ट्रॅकचा खास नियम काय होता?" मग टॅबलेट उचला, पासवर्ड टाका, उद्दिष्टांच्या पानावरून मागच्या परिशिष्टात जा, पुन्हा परत या. तिसऱ्या तासाला टॅबलेट ठेवताना नकाशा सरकला आणि सात मेक जागेवरून हलले. कोण कुठल्या घरात होता यावर वीस मिनिटं गेली. पुस्तक असतं तर दोन पानांत बोटं घालून बसलो असतो.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. 2001 मध्ये फॅसाने काम थांबवलं. खेळ विझकिड्सकडे गेला, मग फॅनप्रोकडे, आणि 2007 पासून कॅटॅलिस्टकडे आहे. इतक्या हातांतून जाताना जे कागदावर होतं ते आजही मिळतं. 1985 ची सिनॅरिओंची, म्हणजे तयार मांडलेल्या लढायांची, पातळ पुस्तकं मी जुन्या बाजारातून घेतली आहेत, पानं पिवळी पडली पण एक ओळ गेलेली नाही. पीडीएफची तशी हमी मला कुणी देऊ शकेल का?

शुद्धिपत्र

माझा विरोध आहे, आणि तो पुस्तकांना नाही. घरात तीन कपाटं भरली आहेत.

तुम्ही 'एकत्र करून' म्हणालात तिथेच सगळं अडतं. हे ट्रॅक वॉरचेस्ट पॉइंट्सवर चालतात. ट्रॅक खेळायला इतके पॉइंट मोजा, रात्रीची लढाई किंवा वाईट हवामान ओढवून घेतलं तर वर इतके मिळतील, उद्दिष्ट साधलं की इतके परत. या हिशोबावर अख्खी मोहीम उभी असते. आता 2023 च्या मर्सेनरीज या निधी-मोहिमेनंतर जे साहित्य आलं त्यात सपोर्ट पॉइंट्स आहेत, हिशोबाची पद्धतच बदलली. जुने आकडे तसेच छापले तर आज खेळ शिकलेला माणूस पहिल्याच पानावर अडखळेल. सगळे बदलायचे तर प्रत्येक ट्रॅक पुन्हा खेळून तपासावा लागेल. ते संकलन राहत नाही, नवं लेखन होतं. आणि तितकी मेहनत करणारी माणसं असतील तर त्यांनी नव्या मोहिमा लिहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

शिवाय पीडीएफमधली चूक दुरुस्त करून नवी प्रत देता येते. पुस्तकात ती कायमची बसते. माझ्याकडच्या नियमपुस्तकात मी शुद्धिपत्राच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, त्या इतक्या झाल्या की पुस्तक धड मिटत नाही.

नकाशेवाली

शुद्धिपत्र, पॉइंट्सचा मुद्दा पटला. पण ट्रॅकमध्ये पॉइंट्स किती ओळींत असतात ते बघा. तीन, फार तर चार. बाकी सगळं, म्हणजे परिस्थिती काय आहे, कोण कुठून शिरतो, बचाव करणाऱ्याचं बळ हल्लेखोराच्या किती टक्के, लढाईनंतर काय झालं, हे कुठल्याही नियमावलीत चालतं. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी छापा. एक छोटा तक्ता पुरेल.

मला पुस्तक हवं आहे ते वाचायला. हे भाग सुटे वाचले की प्रत्येक ग्रह एकटा वाटतो. गॅल्टर 3025 चं, मिझरी 3028 चं. दोन्हीकडे शत्रू कुरिताच, मध्ये तीन वर्षं. एकामागे एक वाचलं तर कळतं की चौथ्या वारसायुद्धाची, म्हणजे घराण्यांमधल्या सत्तेच्या लढाईची, तयारी आधीपासून कशी चालली होती. आपल्याकडे दिवाळी अंकांत किती उत्तम लेखन आलं आणि पुस्तक न झाल्यामुळे रद्दीत गेलं, हे आपण सगळे जाणतो. ज्यांचं पुस्तक झालं त्यांना पुढच्या पिढीचे वाचक मिळाले. खेळाच्या लेखनाला हे लागू होत नाही असं का समजायचं?

दूरचा खेळाडू

मी ओहायोत राहतो, माझं वय 61. पीडीएफ राहू द्या असं मी म्हणतो आणि त्याला कारण माझे डोळे आहेत.

या खेळाच्या छापील पुस्तकांत राखाडी पट्ट्यावर बारीक अक्षरात तक्ते असतात. पलटणींचे तक्ते तर मला भिंगाशिवाय लागत नाहीत. पीडीएफ मी दुप्पट मोठी करून वाचतो. पलटणीचं नाव शोधायचं तर टाइप करतो आणि ती जिथे जिथे आली तिथे जातो. पाचशे पानांच्या पुस्तकात मागची सूची चांगली असली तरच हे जमतं, आणि सूची चांगली असलेली खेळाची पुस्तकं मी फार थोडी पाहिली आहेत.

षटकोन, तुमची टॅबलेटची अडचण खरी आहे, पण ती एका ट्रॅकच्या दोन पानांची अडचण आहे. ती दोन पानं छापून घ्या. त्यासाठी अख्ख्या मालिकेचा ग्रंथ कशाला?

षटकोन

काका, अक्षराचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. पुस्तक निघालं म्हणून पीडीएफ बंद व्हावी असं मी कुठेही म्हणणार नाही. दोन्ही हव्यात.

पण 'छापून घ्या' हे मी करून बसलोय. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका दुकानात मिझरी अख्खं छापून स्पायरल केलं. पानांना गडद सजावटीची पार्श्वभूमी, त्यामुळे रंगीत छपाई पुस्तकाच्या किमतीला गेली. काळ्या-पांढऱ्यात काढून पाहिलं तर तक्त्याच्या राखाडी ओळींवरचे आकडे दिसेनात, 3 आणि 8 सारखेच. शिवाय ही पानं पडद्यासाठी मांडलेली. ट्रॅकची सुरुवात उजव्या पानावर आणि उद्दिष्टं पान उलटून मागे. टेबलावर उघडं ठेवलं तरी अर्धाच ट्रॅक समोर. छापायचं म्हणून मांडणी केली तर एक ट्रॅक समोरासमोरच्या दोन पानांत बसवता येतो. माझी खरी मागणी तीच आहे.

लोहारकाम

मी दोन्ही बाजूंशी असहमत आहे. प्रश्न पुस्तकाचा नाही, ट्रॅकचाच आहे.

जुन्या सिनॅरिओत पायलटला नाव असायचं, मेक ठरलेला, नेमबाजी आणि चालवण्याचं कौशल्य लिहिलेलं. ब्लॅक विडो कंपनीच्या 1985 च्या पुस्तिकेत तुम्ही नताशा केरेन्स्कीच्या हाताखालची ठरावीक माणसं घेऊन उतरता. एखादा मेक उलथला की तो अमुक माणूस गेला, हे जाणवतं. ट्रॅकमध्ये काय असतं? 'हल्लेखोर: खेळाडूच्या सैन्याच्या 100 टक्क्यांपर्यंत.' बस. स्वतःची पलटण घेऊन मोहीम खेळणाऱ्यासाठी ते सोयीचं आहे, नाकारत नाही. पण असे पन्नास ट्रॅक एका पुस्तकात सलग वाचायला बसलात तर दहाव्यानंतर सगळे एकसारखे वाटतील. एकदा घाट अडवा, एकदा कोठार जाळा, एकदा माघार झाका. पीडीएफमध्ये ते एकेक करून खेळले जातात म्हणून खपून जातं.

पुस्तक काढायचंच असेल तर प्रत्येक मोहिमेतला एक प्रसंग जुन्या पद्धतीने लिहा. नावानिशी माणसं, ठरलेले मेक. त्याचे पैसे मी आज मोजतो.

नकाशेवाली

लोहारकाम, 'एकसारखे' म्हणणं अन्याय आहे. सगळं नकाशावर ठरतं. तोच घाट अडवायचा ट्रॅक डोंगराळ नकाशावर आणि उघड्या माळावर खेळून बघा. पहिल्यात 35 टनांचा उडी मारणारा मेक अख्खी तुकडी अडवतो, दुसऱ्यात तो दोन फेऱ्या टिकत नाही. एक घर 30 मीटरचं, फेरी 10 सेकंदांची. एवढ्या छोट्या मापावर एक टेकडी इकडे की तिकडे याने लढाई फिरते.

आणि नकाशांवरून आठवलं. पुस्तकाची खरी अडचण ही आहे आणि अजून कुणी बोललं नाही. ट्रॅक नकाशांची नावं देतात, त्यातले बरेच नकाशे आता नव्याने मिळत नाहीत. माझ्याकडे जुने कागदी नकाशे आहेत, घड्यांवर फाटलेले, मागून पारदर्शक टेप लावलेले. नव्या खेळाडूकडे ते कुठून येणार? प्रत्येक ट्रॅकला आज मिळणारा पर्यायी नकाशा द्यावा लागेल, आणि तो कुणीतरी खेळून ठरवला पाहिजे.

शुद्धिपत्र

बघा ताई, तुम्हीच आता माझी बाजू मांडलीत. आकडे दोन पद्धतींत, नकाशे नवे, मांडणी नवी, लोहारकाम म्हणतात तसे नावानिशी प्रसंग नवे. जुन्यातलं उरलं काय?

आणि पैशांचं बोला. 2019 च्या किकस्टार्टरला (ऑनलाइन लोकवर्गणीला) 25 लाख डॉलरच्या वर जमले, 2023 ला 70 लाखांच्या वर. लोक म्हणतील, एवढा पैसा येतो तर एक पुस्तक काय जड आहे? पण तो पैसा मूर्तींसाठी आला. प्लॅस्टिकचे मेक हवेत म्हणून लोकांनी दिला. जिहादच्या (खेळाच्या कथेतल्या नंतरच्या एका युद्धाच्या) काळातले ट्रॅक छापा म्हणून किती जण देतील? जाड पुस्तक गोदामात पडून राहिलं तर पुढच्या वेळी प्रकाशक छपाईचं नावच काढणार नाही. भारतात मागवायचं तर टपालखर्च वेगळा, वर आयात पुस्तकांवर 2019 पासून 5 टक्के सीमाशुल्क. पीडीएफ मात्र काही डॉलरमध्ये, त्याच मिनिटाला. नाशिकचा कॉलेजातला मुलगा खेळात येतो तो या दारातून. ते दार मला प्रिय आहे.

नवखी

मी त्या दारातूनच आले म्हणून लिहिते आहे. खेळायला लागून आठ महिने झाले.

पीडीएफ स्वस्त आहेत हे खरं. पण कुठली आधी घ्यायची हे मला कुणीच सांगितलं नाही. यादीत ग्रहांची नावं होती आणि मला एकही ग्रह ठाऊक नव्हता. ल्यूथियन घेतलं ते कुळांच्या (खेळातल्या, बाहेरून चालून आलेल्या योद्ध्यांच्या) आक्रमणातली 3052 ची मोठी लढाई असेल असं समजून, ज्यात ड्रगून्स आणि केल हाउंड्स ही दोन भाडोत्री सैन्यं जुनं वैर विसरून कुरिताच्या राजधानीच्या मदतीला धावतात. उघडलं तर आत जिहादचा काळ. ग्रह तोच, लढाई वेगळी. पैसे थोडेच होते, पण हिरमुसले. मालिका कालक्रमाने एका पुस्तकात असती आणि प्रत्येक काळाआधी दोन पानं प्रस्तावना असती, तर अशी चूक झालीच नसती.

शुद्धिपत्र

नवखी, तुमची अडचण खरी आहे, पण तिला चार पानांची मोफत वाचनक्रम-पुस्तिका पुरेशी आहे. कुठला भाग कुठल्या सालाचा, आधी काय वाचावं. ती आपणही मराठीत लिहू शकतो. मी सुरुवात करतो, साल आणि ग्रह मी मांडतो, नकाशांचा रकाना नकाशेवालींनी भरावा.

षटकोन

ती लिहाच, मीही हात लावतो. मी माझी मागणीही आवरती घेतो. अख्खी मालिका नको, फक्त वारसायुद्धांच्या काळातले भाग घ्या. ते मोजके आहेत, मोठ्या अक्षरात छापले तरी पुस्तक फुगणार नाही. एक ट्रॅक समोरासमोरच्या दोन पानांत, खाली पर्यायी नकाशा, आणि प्रत्येक मोहिमेच्या शेवटी एक प्रसंग लोहारकाम म्हणतात तसा, नावानिशी. ते खपलं तर पुढचा काळ, नाही खपलं तर तिथेच थांबा.

दूरचा खेळाडू

मोठं अक्षर असेल तर मी दोन प्रती घेईन, एक पुतण्यासाठी. पीडीएफ मात्र सोडणार नाही.

शुद्धिपत्र

माझं मत अजून तेच आहे. तेवढ्या मेहनतीत एक नवी मोहीम उभी राहते आणि मला ती जास्त हवी आहे. पण षटकोन, येत्या रविवारी मिझरीचा उरलेला ट्रॅक खेळणार असाल तर त्याची दोन पानं मी टंकून, समोरासमोर मांडून शनिवारी पाठवतो. पांढऱ्या कागदावर, 14 च्या अक्षरात. 3 आणि 8 वेगळे दिसतील.

लोहारकाम

र्‍यूकेनच्या बाजूने एका पायलटला नाव द्या. मी ती बाजू खेळायला येतो.