आवडते फँटसी लेखक: तुमची क्रमवारी सांगा, आणि पहिल्या नंबरामागची गोष्टही

केतकी_देवरुख
भाचीची दहावीची परीक्षा संपली. काल फोनवर म्हणाली, "मावशी, तुझे सगळ्यात आवडते पाच फँटसी लेखक सांग, मी त्याच क्रमाने वाचणारे." तिला यादी दिली आणि नंतर रात्रभर जुनी पुस्तकं डोळ्यांसमोर येत राहिली. म्हणून हा धागा.

पहिली उर्सुला ले ग्विन. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' १९६८ चं. नुसती बेटं आणि समुद्र असलेलं जग. गॉन्ट बेटावर शेळ्या राखणारा सावळा पोरगा जादू शिकतो, आणि घमेंडीच्या भरात एक काळी सावली जगात मोकळी सोडतो. सैन्यं नाहीत, सिंहासनं नाहीत, त्या सावलीला सामोरं जाणं एवढीच गोष्ट. पण मी तिला पहिला नंबर देते तो चौथ्या पुस्तकासाठी. 'तेहानू' १९९० मध्ये आलं, तिसऱ्यानंतर अठरा वर्षांनी. त्यात त्या थोर जादूगाराची शक्ती पार संपलेली आहे. तो परत शेळ्या राखतो. आणि गोष्ट आहे एका मध्यमवयीन विधवेची आणि तिने सांभाळलेल्या, आगीत भाजलेल्या पोरीची. दूध, चूल, शेजारणी, गावातली पुरुषमंडळी. एवढं मोठं जग उभं केलेली बाई त्याच जगातल्या घराघरात शिरून विचारते की इथल्या बायकांचं काय. चाळिशीत वाचलं आणि पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. अशी हिंमत मला दुसऱ्या कुठल्या फँटसी लेखकात दिसली नाही.

दुसरा टोल्किन. तिसरे दासरी सुब्रह्मण्यम. हे नाव कुणाला माहीत आहे का? चांदोबातल्या त्या महिनोन् महिने चालणाऱ्या मालिका, राक्षस, दऱ्या, मांत्रिक, ते लिहिणारे हे. मूळ तेलुगूत लिहायचे, मग ते आपल्यापर्यंत मराठीत यायचं, आणि अंकावर त्यांचं नाव नसायचं. ज्या माणसाने माझं अख्खं बालपण रंगवलं त्याचं नाव मला मोठेपणी कळलं. त्यांना तिसरा नंबर देताना मला फार बरं वाटतंय.

चौथा टेरी प्रॅचेट, पाचवे जी. ए. कुलकर्णी, 'रमलखुणा'साठी.

समीक्षा नको, अनुभव लिहा.

माऊ_सातारा
नारायण धारप! धारप धारप!!! बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

निशिगंध
रुमाल टाकून ठेवतेय. संध्याकाळी सविस्तर.

सह्याद्रीचा_वारा
ले ग्विन टोल्किनच्या वर? केतकीताई, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे नाही पटत. टोल्किन नसता तर हे दुकानच उघडलं नसतं.

मी शाळेत शिकवतो, सध्या पेपर तपासणी चालू आहे, म्हणून हे लगेच आठवलं. टोल्किन ऑक्सफर्डला प्राध्यापक होता, उत्तरपत्रिका तपासत बसला होता आणि एका पोराने एक पान कोरं सोडलं होतं. त्या कोऱ्या पानावर त्याने हॉबिटचं पहिलं वाक्य लिहिलं. कशासाठी, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. १९३७ ला पुस्तक आलं. त्यानंतर 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' यायला १९५४ उजाडलं. इतकी वर्षं एकाच जगात राहणं, त्याच्या भाषा, वंशावळी, नकाशे, चंद्राच्या कला जुळवत बसणं, हे मला तपश्चर्येसारखं वाटतं. आणि जवळचे मित्र पहिल्या महायुद्धात गेलेले, स्वतः फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर राहून आलेला. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये सॅम थकलेल्या फ्रोडोला, आपल्या मित्राला, पाठीवर घेऊन डोंगर चढतो ते प्रकरण वाचताना मला हे सगळं त्यात दिसतं. पहिला नंबर त्याचाच. दुसरा नंबर रिकामा ठेवतोय, त्याच्या जवळ कुणाला बसवायचं मन होत नाही.

केतकी_देवरुख
सर, त्या डोंगराच्या प्रकरणाबद्दल एकशे एक टक्के सहमत. तरी पहिली ले ग्विनच 🙂 आणि 'तेहानू' वाचलंय का तुम्ही?

सह्याद्रीचा_वारा
नाही. पहिली तीनच. पेपर संपले की वाचतो, शब्द देतो.

टेम्सकाठचा_पाटील
धाग्याचं नाव बघून धावत आलो. मी इंग्लंडात रेडिंगला असतो, ऑक्सफर्ड ट्रेनने अगदी जवळ. व्हॉल्व्हरकोटच्या दफनभूमीत जाऊन आलोय. टोल्किनची साधी कबर आहे, नवरा-बायको एकत्र. एडिथच्या नावाखाली 'लुथियन' आणि त्याच्या नावाखाली 'बेरेन' कोरलंय. त्याच्या 'सिल्मरिलियन'मधली प्रेमी जोडी, ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. वर लोकांनी फुलं, चिठ्ठ्या, अंगठ्या ठेवलेल्या असतात. सोबत बायको होती, तिने एक ओळ टोल्किन वाचलेला नाही. तिला तिथे उभं राहून बेरेन-लुथियनची गोष्ट सांगितली तर तिच्या डोळ्यांत पाणी. आता ऑडिओबुक ऐकतेय, स्वयंपाक करताना.

माझी यादी: टोल्किन, फिलिप पुलमन, सुझाना क्लार्क.

दुपारची_झोप
मराठीत 'स्वामी मुद्रिकांचा' आहे बरं का, मुग्धा कर्णिकांनी केलेला 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा अनुवाद. आईला इंग्रजी जमत नाही, तिला तो दिला. आता आमच्या घरी त्यातला जादूगार गॅन्डाल्फ हा घरचाच माणूस आहे.

माऊ_सातारा
आले परत. तर धारप. लोक म्हणतात भयकथाकार, पण समर्थ नावाच्या त्यांच्या नायकाच्या कथा वाचा, ती अस्सल फँटसी आहे. दुसऱ्या मितीतून येणाऱ्या शक्ती, त्यांचे नियम, आणि त्या नियमांनीच त्यांना अडवणारा शांत माणूस. कुठेही आरडाओरडा नाही. मी होस्टेलवर वाचायचे, आणि समर्थ आले की छातीवरचं ओझं उतरायचं. आता सगळं नीट होणार, ही खात्री. तेव्हा घरची परिस्थिती फार वाईट होती, फोनही परवडायचा नाही. असं आश्वस्त करणारं माणूस मला त्या वयात फक्त पुस्तकात भेटलं. म्हणून पहिला नंबर, आणि तो हलणार नाही.

गोदाकाठ
पण 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट'वरून आहे ना? मग श्रेय कुणाला?

माऊ_सातारा
वरून असू दे. वाडा, गाव, माणसं, बोलणं सगळं आपलं आहे. मी धारपांनाच देणार.

जुनी_पेटी
रूपांतराचा विषय निघालाच आहे तर नाथमाधव. 'वीरधवल', १९१३. रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबरीवर बेतलेली. आमचे आजोबा पावसाळ्यात रात्री कंदील ठेवून मोठ्याने वाचायचे, दिवे कायम गेलेलेच असायचे. शेजारच्या घरातली माणसं पाट घेऊन ऐकायला यायची. आजी मागे तांदूळ निवडत बसलेली, आणि आजोबा एखादं प्रकरण अर्धवट ठेवून पुस्तक मिटायला लागले की तीच सगळ्यात आधी ओरडायची. गुप्त वाटा, तळघरं, वेषांतरं, मला तर कित्येक वर्षं वाटायचं की प्रत्येक गडाखाली हे असतंच. रेनॉल्ड्सचं त्या माजघरात कुणालाच काही नव्हतं. त्याचा नायक मराठी वाड्यात वागवून दाखवला तो नाथमाधवांनी. माझ्या लेखी पहिले तेच, दुसरे गो. ना. दातार.

गोदाकाठ
पटलं. प्रश्न मागे घेतो.

रविवार_सकाळ
तळघरं म्हटल्यावर चंद्रकांता!! १९९४, दूरदर्शन, क्रूरसिंह आणि त्याचं ते यक्कू! आमच्या चाळीत रविवारी सकाळी नळाला कुणी नसायचं.

दुपारची_झोप
यक्कू 😂😂 माझा भाऊ भुवया रंगवून शाळेत गेला होता

रविवार_सकाळ
मालिका बाजूला ठेवून देवकीनंदन खत्रींची कादंबरी वाचा मात्र. १८८८ ची. ही वाचता यावी म्हणून लोक हिंदी शिकले असं सांगतात. खत्री जंगलांचे ठेके घ्यायचे, त्या निमित्ताने चकिया-नौगढच्या जंगलात हिंडायचे, जुने किल्ले बघायचे. तिलिस्म, म्हणजे कादंबरीतले ते जादुई भूलभुलैये, तिथूनच आले असणार. मालिकेत सगळा भर जादूवर आहे, पुस्तकात अय्यारांच्या, म्हणजे वेषांतर करणाऱ्या हेरांच्या, अकलेवर. मला तेच जास्त भावलं.

केतकी_देवरुख
हे वाचलेलं नाही! यादीत टाकलं.

प्राजक्ता_अंगण
मी प्रॅचेट पहिला लिहिणार होते आणि लिहायला बसले की थांबतेय. बाबांना अल्झायमर्स आहे.

प्रॅचेटला २००७ मध्ये निदान झालं. त्याच्या प्रकारात नजर आणि हात यांचा मेळ आधी जातो, म्हणून टाइप करता येईना. मग तो संगणकाला तोंडी मजकूर सांगायला लागला आणि तसंच पुस्तकांमागून पुस्तकं लिहीत राहिला, २०१५ मध्ये गेला तोपर्यंत. त्याच्या डिस्कवर्ल्ड मालिकेच्या एकूण एक्केचाळीस कादंबऱ्या. हे मला बाबांच्या आजाराआधीही माहीत होतं, पण आता वेगळं वाटतं.

त्याच्या पुस्तकांत मृत्यू हे एक पात्र आहे. सांगाडा, हातात विळा, मोठ्या ठळक अक्षरांत बोलणारा. पण तो दुष्ट नाही. त्याला माणसांचं कुतूहल आहे, मांजरं आवडतात, घोड्याचं नाव बिंकी. तो कुणाचा रागराग करत नाही, फक्त वेळेवर येतो आणि बोलतो. मला त्या पुस्तकांनी भीती घालवली असं नाही म्हणणार, पण रात्री बाबा उठून "घरी जायचंय" म्हणतात तेव्हा त्यांच्याशी न चिडता बोलायचं बळ मला तिथून मिळालं. क्रमवारी एवढीच. दुसरं नाव सुचत नाही.

निशिगंध
प्राजक्ता, तुला खूप खूप प्रेम. माझ्या सासूबाईंचंही असंच होतं. "घरी जायचंय" म्हणाल्या की मी चप्पल घालून त्यांच्यासोबत जिना उतरायचे, सोसायटीला एक फेरी मारून यायचो, मग शांत व्हायच्या. करून बघ.

प्राजक्ता_अंगण
करते गं. थँक्यू. लिफ्ट आहे आमच्याकडे, ती त्यांना आवडते.

माऊ_सातारा
❤️ कधीही वाटलं तर व्यक्तिगत निरोप कर.

अर्धा_कप
प्रॅचेट सुरू कुठून करायचा? पहिलं 'द कलर ऑफ मॅजिक' धरलं होतं, पन्नास पानांत सोडलं.

प्राजक्ता_अंगण
ते १९८३ चं, तेव्हा त्याचा हात बसायचा होता. 'मॉर्ट'पासून करा. मृत्यू एका गोंधळलेल्या पोराला उमेदवारीला ठेवतो. टिफनी एकिंगची पुस्तकं मुलामुलींना द्या. नऊ वर्षांची मुलगी परीराणीशी तव्याने लढते.

अर्धा_कप
तव्याने!! घेतलं.

हिवाळा_कधी_येणार
'गेम ऑफ थ्रोन्स'वाल्या जॉर्ज मार्टिनचं नाव कुणीच घेत नाहीये. पहिलं पुस्तक १९९६, पाचवं २०११. तेव्हा माझा मुलगा बालवाडीत होता, आता इंजिनिअरिंगला आहे. सहावं अजून नाही. तरीही तो माझ्या पहिल्या तिघांत. त्याच्या जगात कृती केली की तिची किंमत मोजावी लागते, आणि ती भल्या माणसांनाही चुकत नाही. महाभारत वाचून वाढलेल्या माणसाला ते लगेच ओळखीचं वाटतं.

सह्याद्रीचा_वारा
धीर धरा. रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये गेला तेव्हा त्याची 'व्हील ऑफ टाइम' ही मालिका अर्धवट होती. ब्रँडन सँडरसन या लेखकाने त्याच्या टिपणांवरून चौदाव्या खंडापर्यंत नेऊन पूर्ण केली.

हिवाळा_कधी_येणार
सर, असा दिलासा नका देऊ. मार्टिनसाहेब शतायुषी होवोत.

कोमल_चिंचवड
रॉबिन हॉब. 'असॅसिन्स अप्रेंटिस'पासूनची फिट्झ आणि नाइटआइज लांडग्याची पुस्तकं. आमचा कुत्रा शेरू मार्चमध्ये गेला. त्यानंतर हॉब पुन्हा काढली. माणूस आणि जनावर मनातल्या मनात बोलतात, लांडग्याला उद्याची काळजी कळत नाही आणि फिट्झला आजचं सुख कळत नाही, दोघं एकमेकांना ते शिकवतात. शेरूपण असाच होता. जास्त लिहवत नाही.

निशिगंध
अरे देवा कोमल 😔 किती वर्षांचा होता?

कोमल_चिंचवड
तेरा. देशीच होता, रस्त्यावरून आणलेला.

सायली_डोंबिवली
कुणाकडे गौरी देशपांड्यांच्या अरेबियन नाइट्सचा पूर्ण संच आहे का? सोळा खंड, बर्टनवरून केलेले. माझ्याकडे मधले तीन नाहीत. त्यात रोज रात्री गोष्ट सांगणाऱ्या शहरजादला मी पहिला नंबर देणार, ती पात्र आहे की लेखिका ही चर्चा नंतर करू.

जुनी_पेटी
ठाण्याच्या जुन्या ग्रंथालयांत विचारा. आणि शहरजादचं मान्य, जीव वाचवण्यासाठी गोष्टी रचणारी पहिली लेखिका तीच.

निशिगंध
आता माझं. जी. ए. कुलकर्णी, पण 'रमलखुणा'च्या आधी 'बखर बिम्मची'. लोक जी. ए. म्हटलं की अंधार, नियती, प्राक्तन एवढंच बोलतात. त्याच माणसाने बिम्मसारखा पोरगा लिहिला, जो प्राण्यापाखरांशी गप्पा मारतो आणि कुणालाच त्यात काही नवल वाटत नाही. मुलीला झोपताना वाचून दाखवायचे, ती हसायची आणि मी मनात म्हणायचे, 'काजळमाया' लिहिणाऱ्या माणसाच्या आत हे इतकं उजेडाचं कुठे ठेवलं होतं! मग 'रमलखुणा'तली 'इस्किलार' परत वाचली. त्यातला देश कुठल्याच नकाशावर नाही, काळ कुठलाच नाही, तरी त्या वाळूचा रखरखाट घशाला जाणवतो. टोल्किनला जे करायला हजार पानं लागली ते एका दीर्घकथेत. सर, रागावू नका.

सह्याद्रीचा_वारा
रागावत नाही. दुसरा नंबर रिकामा होता, तिथे जी. एं.ना बसवतो.

रविवार_सकाळ
अवांतर: 'अलबत्या गलबत्या'चा प्रयोग सध्या पुण्यात कुठे आहे का? लेकीला चेटकीण दाखवायचीय. ते लिहिणारे रत्नाकर मतकरी माझ्या यादीत पहिले, लिहिते सविस्तर, आधी तिकिटं मिळू देत.

दुपारची_झोप
कालच्या पेपरात जाहिरात होती बहुतेक, बघून सांगते.