गौरव, महिमा, वैभव, तेज: देवाच्या बाबतीत फरक काय? आणि ग्लोरिया नेमका कधी?

पेटीवाला

दोन प्रश्न आहेत, एकमेकांत गुंतलेले.

पहिला शब्दांचा. मराठी पवित्र शास्त्रात आकाश देवाचा ‘महिमा’ वर्णिते (स्तोत्र १९), यशयाच्या दर्शनात सराफीम (देवदूत) त्याच्या ‘वैभवा’चा घोष करतात (६:३), निवासमंडप परमेश्वराच्या ‘तेजाने’ भरून जातो (निर्गम ४०:३४), आणि बेथलेहेमच्या रात्री देवदूत म्हणतात, ‘ऊर्ध्वलोकी देवाला गौरव’. इंग्रजीत चारही ठिकाणी ‘ग्लोरी’. मग मराठीत चार शब्द कशाला? शिवाय ‘गौरव’ म्हटलं की डोळ्यांपुढे शाल-श्रीफळ येतं. देवाचा सत्कार आपण काय करणार?

दुसरा ग्लोरियाचा, म्हणजे मिस्सात (कॅथलिक उपासनाविधीत) गायच्या त्या स्तोत्राचा. आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचा काळ) तो नसतो, हे ठाऊक आहे. पण ८ डिसेंबरला असतो, १९ मार्चला असतो, पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) तर घंटा वाजवून असतो. गायनमंडळाच्या पुस्तिकेत लिहायचं आहे, तेव्हा मोघम नको.

शब्दवेडी

शब्दांपुरतं सांगते.

जुन्या करारातला हिब्रू शब्द ‘कावोद’. धातू क-ब-द, अर्थ जड असणे. यकृतालाही हिब्रूत ‘कावेद’ म्हणतात. मिसरच्या राजाचं, फारोचं, मन ‘कठीण’ झालं असं आपण वाचतो, तिथेही काही वचनांत हाच धातू आहे, म्हणजे मन जड झालं. कावोद म्हणजे एखाद्याचं वजन. आपण म्हणतोच ना, ‘गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे’? तेच.

आता मराठीकडे या. गुरू म्हणजे जड, आणि गुरूपासून गौरव. म्हणजे सत्काराच्या हाराखाली दबलेला हा शब्द मुळात कावोदचा सख्खा भाऊ आहे. इंग्रजी ‘ग्लोरी’ला हे भाग्य नाही. ती लॅटिन ‘ग्लोरिया’वरून आली, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ कीर्ती. दुसऱ्या करिंथ ४:१७ मराठीत वाचा: संकट ‘हलके’, आणि त्यातून निघतो ‘सार्वकालिक गौरवाचा भार’. पौल मुद्दाम वजनाच्या भाषेत बोलतोय.

पहिल्या शमुवेलाच्या चौथ्या अध्यायात तर सरळ शब्दखेळ आहे. एली म्हातारा आणि अंगाने जड (कावेद), म्हणून आसनावरून मागे पडतो आणि मान मोडून मरतो. तीनच वचनांनंतर त्याची सून बाळाचं नाव ठेवते ईखाबोद, ‘वैभव गेले’ (यातलं ‘खाबोद’ म्हणजे कावोदच). माणसाचं वजन त्याला घेऊन पडलं आणि शत्रूंनी नेलेल्या कराराच्या कोशाबरोबर देवाचं वजन देशातून गेलं. मराठीत ‘जड’ आणि ‘वैभव’ असे वेगळे शब्द आल्यामुळे हे सुटून जातं.

चार शब्द का, तर कावोद सुमारे २०० वेळा येतो आणि संदर्भागणिक त्याचा वेगळा पैलू पुढे येतो. ढग आणि अग्नीसारखं दिसतं तिथे तेज. राजा, सिंहासन, समृद्धी असेल तिथे वैभव. वर्णन, कीर्तन असेल तिथे महिमा. मान देण्याघेण्याची गोष्ट असेल तिथे गौरव. भाषांतरकार चुकलेले नाहीत. किंमत एवढीच मोजावी लागली की हे सगळं एकच आहे, हे मराठी वाचकाला कळत नाही. लूक २:९ मध्ये मेंढपाळांभोवती तेज पसरतं आणि पाच वचनांनी, २:१४ मध्ये, गौरव गायलं जातं. ग्रीकमध्ये दोन्हीकडे ‘डोक्सा’. देवदूत बाहेरून आणलेलं काही देवाला देत नाहीत, समोर जे पसरलंय त्यालाच नाव देतात. तुमच्या सत्काराच्या शंकेचं उत्तर इथे आहे असं मला वाटतं.

जाता जाता: ‘त्याचे गौरव पाहिले’ (योहान १:१४) यातलं नपुंसकलिंग छापण्यातली चूक नाही. संस्कृतात गौरवम् नपुंसकच आहे, बोलीत आपण ‘त्याचा गौरव’ करतो. पुस्तिकेत शास्त्रवचन उतरवताना ते ‘दुरुस्त’ करू नका.

नगरकर

वरच्या उत्तरात ‘डोक्सा’ घाईत आटोपला. ग्रीकांच्या व्यवहारात डोक्सा म्हणजे मत, आणि मग लोकांचं चांगलं मत, म्हणजे नाव. ज्यू विद्वानांनी जुना करार ग्रीकमध्ये नेला तेव्हा कावोदसाठी हाच शब्द घेतला, आणि हिब्रूचं वजन व प्रकाश त्यात भरले गेले. नवा करार हा बदललेला शब्द वापरतो.

त्यातही योहान सगळ्यांच्या पुढे जातो. रूपांतराच्या डोंगराची (जिथे येशूचं रूप तेजोमय होतं) गोष्ट बाकी तिन्ही शुभवर्तमानांत आहे, योहानात नाही. त्याच्याकडे ‘गौरव होण्याची वेळ’ म्हणजे क्रूस. १२:२३ मध्ये येशू म्हणतो की ती वेळ आली आहे, आणि लगेच पुढच्या वचनात जमिनीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याबद्दल बोलतो. १३:३१ मध्ये विश्वासघात करणारा यहूदा बाहेर अंधारात गेल्याबरोबर येशू ‘आता’ गौरव झालं असं म्हणतो. उपदेशात गौरव म्हणजे नुसता झगमगाट असं सांगितलं की योहानाचं अर्धं शुभवर्तमान हातातून निसटतं. ही चूक फार सर्रास होते.

‘देवाचं गौरव करणं’ याने देवात भर पडते का? नाही. कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद २९३) संत बोनाव्हेंतुराच्या आधाराने सांगतं की देवाने सृष्टी केली ती आपलं गौरव वाढवायला नव्हे, तर प्रकट करायला. आमच्या प्रॉटेस्टंट बाजूला १६४७ च्या वेस्टमिन्स्टर लघु प्रश्नोत्तरीचा पहिलाच प्रश्न माणसाचं मुख्य ध्येय विचारतो. उत्तर: देवाचं गौरव करणं आणि सर्वकाळ त्याच्यात आनंद मानणं. लोक ‘आणि’च्या आधीच थांबतात. प्राचीन धर्मपंडित इरेनेयसच्या ‘जिवंत माणूस हे देवाचं गौरव’ या वाक्याचंही तेच झालंय. पुढचा भाग, ‘आणि माणसाचं जीवन म्हणजे देवाचं दर्शन’, सोडला तर त्या वाक्याचा अर्थच फिरतो.

आणि कृपा करून पुस्तिकेत ‘बायबलमधील शेकिना’ (देवाचं सान्निध्य) असं लिहू नका. तो शब्द बायबलात कुठेही नाही, नंतरच्या रब्बींचा आहे. धातू ‘वस्ती करणे’.

पेटीवाला

उत्तम. मग प्रभूच्या प्रार्थनेच्या शेवटचं ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव’? संयुक्त प्रार्थनेत दर वेळी अर्धे लोक ‘वाइटापासून सोडव’वर थांबतात आणि अर्धे पुढे जातात.

नगरकर

मत्तयाच्या सर्वांत जुन्या प्रमुख हस्तलिखितांत (सिनाई, व्हॅटिकन) ते वाक्य नाही. पण दिदाखे या अतिप्राचीन ख्रिस्ती पुस्तिकेत, आठव्या अध्यायात, ‘सामर्थ्य आणि गौरव’ एवढं आहे, ‘राज्य’ नाही. म्हणजे प्रार्थना अशी गौरववाक्याने मिटवण्याची रीत फार जुनी. कॅथलिक मिस्सामध्येही ते आहे, फक्त मध्ये धर्मगुरू एकटे एक प्रार्थना म्हणतात आणि मग सगळे ‘राज्य…’ म्हणतात. संयुक्त प्रार्थनेत कुठे थांबायचं ते आधीच कागदावर छापा, नाहीतर गोंधळ ठरलेला.

सांजघंटा

ग्लोरियाचं मी सांगतो. नियम मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांत, क्रमांक ५३: आगमनकाळ व उपवासकाळ सोडून सर्व रविवारी, तसंच महोत्सव आणि सण (उपासना-दिनदर्शिकेतले वरचे दोन दर्जे) यांना, आणि विशेष गंभीर सोहळ्यांत. मेख अशी की ‘सोडून’ हे रविवारांना लागतं, महोत्सव-सणांना नाही. म्हणून ८ डिसेंबर (निष्कलंक गर्भसंभव), १९ मार्च (संत योसेफ), २५ मार्च (देवदूताचा निरोप) यांना ग्लोरिया आहे. गोव्यात ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला आहे. २२ फेब्रुवारी (पेत्राचं आसन) हा सण अनेकदा उपवासकाळात येतो, तिथेही आहे. अंत्यविधीच्या मिस्साला नाही.

चुका कुठे होतात:

गुलाबी वस्त्रांचे दोन रविवार, आगमनकाळातला तिसरा आणि उपवासकाळातला चौथा. रंग बदलला म्हणून गायनमंडळ ग्लोरिया सुरू करतं. नाही. तो नसतोच.

ग्लोरिया आणि आलेलुया (शुभवर्तमानाच्या वाचनाआधीचा जयघोष) यांची गल्लत. आगमनकाळात ग्लोरिया नाही पण आलेलुया आहे. उपवासकाळात आलेलुया कधीच नाही, अगदी १९ मार्चलासुद्धा आणि पवित्र गुरुवारीही. त्या दिवशी ग्लोरिया गाऊन झाला की हात आपोआप आलेलुयाकडे वळतात. पुस्तिकेत त्या पानावर दुसऱ्या जयघोषाचे शब्द ठळक छापा.

शब्द बदलणे. ग्लोरियाऐवजी नाताळचं एखादं ‘ग्लोरिया, ग्लोरिया’ असं ध्रुवपद असलेलं गाणं चालत नाही. ५३ व्या क्रमांकातच लिहिलंय की या स्तोत्राच्या जागी दुसरा मजकूर घेऊ नये. देवदूतांचं वाक्य ही नुसती सुरुवात आहे. पुढे पित्याची स्तुती, मग देवाच्या कोकऱ्याला (येशूला) ‘दया कर’ अशी याचना, शेवटी ‘तूच एक पवित्र’. मधली याचना गाळली तर सण उरतो, प्रार्थना जाते. त्यातली एक ओळ तर विलक्षण आहे: तुझ्या थोर गौरवाबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. मिळालेल्या कशाबद्दल नाही, तो आहे तसा आहे याबद्दल. तिथे ढोलकी थोडी खाली आणा.

‘का’चं उत्तर इतिहासात आहे. पूर्वेत हे सकाळच्या प्रार्थनेचं ग्रीक स्तोत्र. रोममध्ये ते मिस्सात आधी नाताळला आलं, पोप सिमाकस (४९८–५१४) यांनी बिशपांना रविवारी आणि हुतात्म्यांच्या सणांना परवानगी दिली. साध्या धर्मगुरूंना कित्येक शतकं फक्त ईस्टरला मुभा होती. त्यामुळे ‘उपवासकाळात काढून घेतात’ असं न म्हणता ‘सणाला देतात’ असं लिहा.

नगरकर

पुस्तिका संयुक्त उपासनेत वापरणार असाल तर एक भर. अँग्लिकन सामान्य प्रार्थनापुस्तकात १५५२ पासून ग्लोरिया प्रभुभोजनानंतर, आशीर्वादाच्या आधी आहे, १६६२ च्या आवृत्तीतही तसाच. तो उपवासकाळातही म्हणतात. त्या वळणाच्या मंडळीतले लोक सुरुवातीला ग्लोरिया ऐकून बिचकतील.

पेटीवाला

शेवटचं: पवित्र गुरुवारी घंटा कधी सुरू, कधी बंद?

सांजघंटा

धर्मगुरूंनी ग्लोरिया उचलला की सुरू, स्तोत्र संपलं की बंद. नंतर पास्का जागरणाच्या (ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या) ग्लोरियापर्यंत एकही घंटा नाही. त्या काळात ऑर्गन आणि पेटी फक्त गाण्याला आधार म्हणून, मधल्या जागा भरायला नाही. जागरणविधीत जुन्या करारातलं शेवटचं वाचन, त्याचं स्तोत्र आणि प्रार्थना झाली की वेदीवरच्या मेणबत्त्या पेटतात, मग ग्लोरिया आणि त्याबरोबरच घंटा. घंटेच्या दोरीजवळ माणूस वाचन चालू असतानाच उभा करा, आणि मेणबत्त्या पेटवणारा वेगळा असू द्या.