सापडलेली वस्तू तुम्ही कुणाच्या हाती दिलीत?

पाकिटात आधार कार्ड असलं की फारसा प्रश्न नसतो. खरी पंचाईत सुट्या नोटेची. आमच्या मंडईत मला पाचशेची नोट सापडली. "कुणाची पडली?" असं ओरडले असते तर चार खिसे एकदम चाचपले गेले असते. म्हणून कांदेवाल्या मावशींना सांगून ठेवलं, कुणी शोधत आलं तर माझा नंबर द्या. कुणी आलं नाही. नोट कपाटात आहे, खर्चायला हात धजत नाही. देवाच्या पेटीत टाकणं पटत नाही. देवाची कुठे हरवली होती? तुमचे अनुभव लिहा.

*

एसटीत वाहक होतो. गाडीत सापडलेलं आगारात जमा, हे ठरलेलं. एकदा मागच्या सीटखाली पर्स निघाली, आत लुगड्याच्या चिंधीत गुंडाळलेले पैंजण. दोघीजणी आल्या. पहिली म्हणाली, "चांदीचे आहेत." दुसरी म्हणाली, "एकाची कडी तुटलीय, काळ्या दोऱ्यानं बांधलीय." झालं काम. हल्ली लोक ग्रुपवर सगळ्या बाजूंनी फोटो टाकतात. मग खूण काय विचारणार, कपाळ?

*

तोक्योत राहतो. इथे पोलीस चौकीत वस्तू दिली की पावती मिळते. तीन महिन्यांत मालक आला नाही तर ती सहसा आपली होते. आला तर ५ ते २० टक्के बक्षीस मागता येतं. मी दोन्हींवर पाणी सोडतो. इथला सहकारी म्हणतो, नियमातच आहे तर लाज कसली?

*

रिक्षात मोबाइल सापडला. रिक्षावाल्याकडे न देता स्वतःजवळ ठेवला, तर तो भडकला, "म्हणजे मी चोर?" तेवढ्यात फोन वाजला. त्याच्यासमोर स्पीकरवर बोललो आणि त्याच्याच रिक्षाने जाऊन परत केला. भाडं फोनवाल्याने द्यायला हवं होतं का, यावर घरी अजून वाद चालू आहे.

*

वकिली करतो. वस्तू उचलून ताब्यात घेतलीत की १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७१ लागतं: दुसऱ्याची ठेव सांभाळावी तशी सांभाळायची. मालक शोधण्याजोगा असताना स्वतः वापरलीत तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४. मंडईतल्या ताई, तुम्ही शोध घेतलात, वाजवी काळ थांबलात. बाकी तुमचं मन जाणे. आणि रिक्षात मोबाइल सापडलेले दादा, भाड्यासाठी दावा लावता येत नाही, पण खर्च मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायची मुभा करार कायद्याचंच कलम १६८ देतं. पुढच्या वेळी तसं करालच असं नाही, पण घरच्या वादात उपयोगी पडेल.