मदत हवी आहे: पेनड्राइव्हमधले सगळे फोल्डर शॉर्टकट झाले, फॉरमॅट मारावाच लागेल का?

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय, लोकमान्य नगर. घरचा पीसी बाबा वापरतात, विंडोज १० आहे, गणपतीच्या वर्गणीचा हिशेब, पावत्या, सगळं त्यातच. परवा बाबा पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सवाल्याकडे गेले, मुंजीच्या पत्रिकेच्या प्रिंट काढायच्या होत्या, घरी येऊन लावला तर प्रत्येक फोल्डरवर तो छोटा बाण. तरी क्लिक केलं, फोल्डर उघडलं पण, म्हणून त्यांना काही वाटलंच नाही, मग आईचा भजनांचा पेनड्राइव्ह लावला तर त्याचीही तीच गत.

त्यात आणि पीसीच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात सारखं येतंय की पीसीत ५ व्हायरस आहेत, लगेच रिन्यू करा. अहो, अँटीव्हायरस कधी घेतलाच नाही तर रिन्यू काय करायचं? बाबा कार्ड शोधायला उठले होते, आईने बसवलं.

विंडोजसोबतच येणारा अँटीव्हायरस, डिफेंडर, बघितला तर त्याचं रिअल टाइम प्रोटेक्शन, म्हणजे सततचा पहारा, बंद. सुट्टीत पुण्याहून भाचा आला होता, त्याने कुठला तरी क्रॅक, म्हणजे चोरीचा फुकट गेम टाकलाय, त्यात म्हणे लिहिलेलंच असतं की आधी अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे चोरानेच सांगायचं कुत्रा बांधून ठेवा, आणि आपण बांधायचा! दुकानवाला म्हणतो फॉरमॅट, १२०० रुपये, डेटाची गॅरंटी नाही. काय करू?

प्रतिसाद:
भिया, थांबा, फॉरमॅट नको. डेटा बहुतेक तिथेच असणार. हा व्हायरस खरे फोल्डर हिडन करतो, म्हणजे लपवतो, आणि त्याच नावाचे शॉर्टकट ठेवतो, क्लिक केलं की आधी स्वतः चालतो मग फोल्डर उघडून देतो, म्हणून तर बाबांना कळलं नाही. पहिले पीसी साफ करा, पेनड्राइव्ह नंतर, नाहीतर परत लागेल. गेम काढा, डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन द्या, पीसी रीस्टार्ट होऊन विंडोज सुरू व्हायच्या आधीच तपासतो, १५ मिनिटं धरा. मग पेनड्राइव्ह लावून राइट क्लिक करून स्कॅन, शॉर्टकटला हात लावू नका. फोल्डर ऑप्शन्समध्ये हिडन फाइल्स दाखवा आणि प्रोटेक्टेड सिस्टीम फाइल्स लपवायची टिकही काढा, ही दुसरी टिक लोक विसरतात आणि डेटा गेला म्हणून रडतात. आपल्या फाइल्स पीसीत घ्या आणि फॉरमॅट फक्त पेनड्राइव्ह करा. ते ५ व्हायरसवालं बहुतेक ब्राउझरचं नोटिफिकेशन असेल, कुठल्या तरी साइटला अलाउ दाबलं असणार, सेटिंगमध्ये जाऊन ब्लॉक करा. पासवर्ड मोबाइलवरून बदला, त्या पीसीवरून नाही. आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय, तेही बघा.

धागाकर्ता:
वर्गणीचा हिशेब सापडला!! भजनंही. स्कॅनमध्ये ३ निघाले, एक भाच्याच्या गेमचाच. पण डिफेंडर चालू केला की रीस्टार्टनंतर परत बंद होतोय, हे कोणाला झालंय का?