शिक्षकेतरांचा संप, लटकलेली परीक्षा आणि एमएस्सीचा प्रवेश: आता नेमकं काय करायचं?

शेवटचं_सत्र

नमस्कार. बीएस्सी, रसायनशास्त्र, सहावं सत्र. आमच्याकडे शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी आधी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला, आता बेमुदत संप सुरू झालाय. प्रॅक्टिकल उरकली, लेखी परीक्षा 'पुढील सूचनेपर्यंत' लांबणीवर. ऑफिस उघडं असतं, पण खिडकीमागे कोणी नसतं. माझ्या पाचव्या सत्राच्या ऑनलाइन निकालात एका विषयापुढे 'राखीव', म्हणजे निकाल रोखून ठेवलेला, असं आलंय. त्याची चौकशी करायला गेले, तर ज्यांना विचारायचं ते गेटबाहेर मांडवात बसलेले.

एमएस्सीला दुसऱ्या विद्यापीठात जायचंय. तिथली प्रवेश परीक्षा चांगली गेलीये. पण कागदपत्रं तपासायच्या दिवशी माझ्याकडे सहाव्या सत्राची गुणपत्रिका नसेल, पाचव्याची अर्धवट असेल, आणि मायग्रेशन, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात जायला लागणारा दाखला, तो तर कोण देणार?

सर म्हणतात, संप मिटला की सगळं होईल, अभ्यास करत राहा. अहो, तारीखच नसलेल्या परीक्षेचा अभ्यास किती दिवस करायचा? ऑरगॅनिक दोनदा वाचून झालं. आता पुस्तक उघडलं की अक्षरं दिसतात, शिरत काही नाही.

संप बरोबर की चूक यावर मला भाषण नकोय. वर्ष वाया जाईल का आणि आत्ता हातात काय आहे, एवढंच सांगा.

मागचा_बाक

वर्ष वाया जात नाही, जातो तो उन्हाळा. आमच्या वेळी परीक्षा पुढे गेली आणि मधल्या दिवसांत वेब सिरीज बघून झाल्या. संप मिटल्यावर जे वेळापत्रक आलं त्यात सलग चार पेपर, मध्ये सुट्टी नाही. तेव्हा अभ्यास आत्ताच करून ठेव. बाकी कागदपत्रांचं मला विचारू नकोस, आमची टीसी अजून कॉलेजातच असेल.

गठ्ठे_आणि_सुतळी

मी परीक्षा विभागातून कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. उभी नोकरी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांत गेली. भाषण नको म्हणालीस, नाही देत, पण या संपाचा तुझ्या कागदांशी काय संबंध आहे तो कळला तर पुढचं सोपं जाईल.

प्राध्यापकांचा संप आणि आमचा संप, दोन्ही विद्यार्थ्याला वेगवेगळ्या जागी लागतात. प्राध्यापक बसले की तास बुडतात आणि पेपर तपासायला माणूस मिळत नाही. आम्ही बसलो की तास चालू राहतात, म्हणून पहिले काही दिवस कोणाला काही जाणवतच नाही. मग एकदम सगळं थांबतं. हॉल तिकीट, बैठक व्यवस्था, कोऱ्या उत्तरपत्रिका केंद्रावर पोचवणं, बोनाफाईड, टीसी, ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, सगळं.

आणि हे मुद्दाम परीक्षेच्या तोंडावर होतं का? हो, होतं. २०२३ च्या फेब्रुवारीत राज्यभरच्या विद्यापीठांत हेच झालं. २ तारखेपासून परीक्षेच्या कामावर बहिष्कार, मग काळ्या फिती, एक दिवसाचा लाक्षणिक संप आणि २० तारखेपासून बेमुदत. आश्वासित प्रगती योजना (बढती न मिळालेल्यांना ठरावीक वर्षांनी वरची वेतनश्रेणी), सातव्या वेतन आयोगातून राहून गेलेले लोक, रिक्त पदं, जुनी पेन्शन, मागण्या वर्षानुवर्षं त्याच. जून महिन्यात आम्ही घोषणा दिल्या तर मंत्रालयात पंखासुद्धा हलत नाही. परीक्षा अडली की दोन दिवसांत बैठकीचं पत्र येतं. तुम्हा मुलांच्या अडचणीवरच आमचा संप उभा असतो. मांडवात बसलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांची पोरंही कुठेतरी परीक्षेलाच बसलेली असतात.

आता कामाचं.

सगळ्यात आधी तो 'राखीव'. बाकीचं लांबलं तरी चालेल, हे लांबू देऊ नकोस. निकाल राखीव राहण्याची कारणं दोन-तीनच असतात. कॉलेजनं अंतर्गत गुण भरलेले नसतात, बैठक क्रमांक चुकलेला असतो, नाहीतर पात्रतेचा काहीतरी कागद अडकलेला असतो. पाचातली चार प्रकरणं अंतर्गत गुणांची निघतात. आणि अंतर्गत गुण भरणं हे शिक्षकांचं काम आहे, शिक्षक संपावर नाहीत. उद्या विभागप्रमुखांसमोर उभी राहा आणि पोर्टलवर तुझ्या नावापुढे गुण दिसतात का ते बघायला सांग. नसतील आणि मुदत संपली असेल, तर प्राचार्यांच्या पत्रानं ती खिडकी पुन्हा उघडून घेता येते, बहुतेक ठिकाणी.

एवढी घाई का, तेही सांगतो. संप मिटला म्हणजे निकाल लागला असं नसतं. परत आल्यावर टेबलावर महिनाभराचं साचलेलं काम असतं. आधी परीक्षा घ्यायची. मग उत्तरपत्रिका कॅप, म्हणजे एकत्रित तपासणीच्या केंद्रावर, क्रमांक झाकणं, गठ्ठे बांधणं, तपासणी, मॉडरेशन म्हणजे काही पेपरांची फेरतपासणी, गुणांची नोंद, पडताळणी. वरून रोज फोन, निकाल कधी? अशा वेळी कक्षात सगळे सरळ निकाल आधी पुढे ढकलले जातात आणि राखीवची फाईल खाली जाते. दुष्टपणा नाही त्यात, शंभर मुलांचं काम होत असताना एकाचं कोण हातात घेणार? त्या खालच्या फाईलमधली मुलं मी खिडकीवर रडताना पाहिली आहेत. बाकी वर्ग पुढच्या प्रवेशाला लागलेला असतो आणि यांच्या हातात कॉलेजच्या शिक्क्याचं एक पत्र.

दुसरं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये कलम ८९ आहे. त्यानुसार निकाल ३० दिवसांत लावायचा प्रयत्न करायचा आणि कसंही करून ४५ दिवसांत लावायचा. लोक हे कलम मेलमध्ये टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. पण ते दिवस परीक्षेच्या शेवटच्या तारखेपासून मोजतात. तुझी परीक्षाच झालेली नाही, म्हणजे सहाव्या सत्रासाठी ते घड्याळ सुरूच झालेलं नाही. पाचव्या सत्राची परीक्षा संपून तेवढे दिवस उलटले असतील, तर तिथे मात्र कलम बिनधास्त लिही. मेल कुलगुरूंना नको, 'संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ' यांना. प्रत प्राचार्यांना.

तिसरं, प्राचार्य संपावर नसतात. लेटरहेडवर दोन ओळी त्यांच्याकडून घे: सदर विद्यार्थिनी सहाव्या सत्राला प्रविष्ट आहे, संपामुळे परीक्षा लांबणीवर पडली आहे, निकाल प्रतीक्षेत आहे. टायपिस्ट नाही म्हणाले तर स्वतः टाईप करून ने. त्यावर जावक क्रमांक आणि गोल शिक्का हवाच, नाहीतर समोरचा बाबू तो कागद बाजूला सारेल. मी तरी सारला असता.

बाकी ऑरगॅनिकचं मला काही कळत नाही.

तासिका_तत्त्व

गठ्ठेवाले काका, 'शिक्षक संपावर नाहीत' हे खरं, पण आमच्यासारख्यांचंही एक सांगा. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर शिकवतो. ऑफिसची माणसं मांडवात गेली की त्यांचं काम आमच्या गळ्यात येतं. गेल्या खेपेला बैठक क्रमांकांच्या चिठ्ठ्या बाकांवर चिकटवायला मी आणि एक मॅडम होतो, रात्री नऊपर्यंत. त्याचे पैसे नाहीत, कारण तो 'तास' नाही. परीक्षा पुढे गेली की सत्र लांबतं, पण आमची नेमणूक ठरल्या तारखेला संपते. पुढे तपासणीला बोलावतात तेव्हा आम्ही कॉलेजचे कोणीच नसतो. तरी जातो, पुढच्या वर्षी नाव राहावं म्हणून.

आणि ताई, तारखेविना अभ्यास होत नाही हे अगदी खरं आहे. आम्ही मुलांना मागच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला लावल्या आणि तपासून दिल्या. नुसतं वाचण्यापेक्षा ते बरं चाललं. तुमच्या सरांना विचारा, रिकामे बसले असतील तर हो म्हणतील.

तेरा_सालची_बॅच

आमची कहाणी प्राध्यापकांच्या बहिष्काराची. फेब्रुवारी २०१३ ला एमफुक्टोनं, म्हणजे राज्यातल्या प्राध्यापक संघटनांच्या महासंघानं परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला तो मे महिन्यात, उच्च न्यायालयात प्रकरण गेल्यावर मिटला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० मध्ये लागलेल्या बिगर नेट-सेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा न दिलेल्या) प्राध्यापकांचा प्रश्न होता. सरकारनं बहिष्कारातल्या प्राध्यापकांचा ७१ दिवसांचा पगार रोखला आणि तो मिळावा ही मागणी पुढच्या आंदोलनांतही कित्येक वर्षं ऐकू येत राहिली.

काकांच्या यादीत एक भर. घाईत तपासलेले पेपर. आमचे पेपर ऐन मे-जूनच्या उकाड्यात भराभर तपासले गेले. एका विषयात माझे गुण अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. छायाप्रत मागवली तर आतल्या पानावरचं एक अख्खं उत्तर तपासलेलंच नव्हतं. लाल शाईचा ठिपकासुद्धा नाही. पुनर्मूल्यांकनात गुण वाढले, पण तोवर पहिली प्रवेश यादी लागून गेली होती. त्यामुळे संपानंतरचा निकाल खटकला तर छायाप्रतीचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका. मुदत थोडी असते.

आणि सगळं खापर संपावर फोडू नका. मुंबई विद्यापीठात २०१७ साली कुठलाही संप नव्हता, ऑनलाइन तपासणीचा घोळ होता. निकाल पार सप्टेंबरपर्यंत रखडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून जावं लागलं.

शेवटचं_सत्र

सगळ्यांचे आभार. आज कॉलेजात गेले होते. काका, तुम्ही म्हणालात तेच निघालं. त्या विषयाचे अंतर्गत गुण भरलेलेच नव्हते, माझे आणि अजून सहा जणांचे. ज्या मॅडमनी भरायचे होते त्या तासिका तत्त्वावर होत्या, डिसेंबरात सोडून गेल्या. सरांनी कपाटातून गुणांची वही शोधून काढली. पोर्टल बंद दाखवतंय, प्राचार्यांचं पत्र उद्या जाईल.

प्रवेशाच्या विद्यापीठाला फोन केला. ते म्हणाले, हमीपत्रावर तात्पुरता प्रवेश देतात, ठरलेल्या तारखेपर्यंत गुणपत्रिका आणली नाही तर आपोआप रद्द. ती तारीख वाढेल का, यावर 'वेबसाइट बघत राहा'. मग आत्ता फी भरू की नको?

गठ्ठे_आणि_सुतळी

फी भरण्याआधी प्रवेश रद्द झाल्यास परताव्याचा नियम काय ते माहितीपुस्तिकेत वाच. फोनवर सांगितलेलं धरू नकोस. वाचून पटलं तर भर, जागा सोडू नकोस.

प्राचार्यांचं पत्र पोर्टलवाल्यांना मेलनं जाईलच, पण एक छापील प्रत घेऊन त्या सहा जणांसकट स्वतः परीक्षा भवनात जा. आवक कक्ष संपात असेल, पण उपकुलसचिवांच्या केबिनमध्ये कोणीतरी बसलेलं असतं. पोच म्हणून प्रतीवर सही-तारीख घेतल्याशिवाय तिथून हलू नका. सातही जणांचे बैठक क्रमांक एकाच कागदावर, विषयाच्या कोडसह लिहा. एकेकाचा अर्ज असला की एकेक हरवतो.

मायग्रेशनचा अर्ज मात्र आत्ता करू नकोस. शेवटचा निकाल लागल्याशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि फी भरून पडून राहिलेला अर्ज नंतर शोधत बसावं लागतं.